लिंबाखालची पंगत

लोखंडे सिस्टरनी वाटी उजेडाकडं धरली, तिरकी केली आणि तळाशी साचलेलं दूध सिरिंजमध्ये ओढून घेतलं.

"चार," त्या म्हणाल्या. "चार मिली. सकाळी किती होतं?"

"सहा."

"आणि काल?"

मी पदर सारखा केला. कालचा आकडा त्यांच्याच वहीत होता.

जिल्ह्याच्या दवाखान्यात तिसऱ्या मजल्यावर काचेच्या पेट्यांचा वॉर्ड होता. त्याला लागून दूध काढायची खोली. पाच-सहा जणी एकमेकींकडं पाठ करून बसायचो, प्रत्येकीच्या मांडीवर एक स्टीलची वाटी. कुणी कुणाच्या वाटीत डोकावायचं नाही, असं न ठरवता ठरलेलं होतं. तरी कळायचंच. जिची वाटी भरायची ती लवकर उठायची.

"दीपमाला, इकडं बघ माझ्याकडं," सिस्टर म्हणाल्या. "तुझ्या पोरीला आता दर दोन तासाला पंधरा लागतं. फ्रीजमधलं साठवलेलं सकाळी संपलं. संध्याकाळी डॉक्टर राउंडला येतील, वही बघतील, आणि डब्याचं दूध लिहून देतील. मी काय सांगू त्यांना?"

आमच्या शेजारच्या पेटीतल्या लेकराला डब्याचं सुरू केलं होतं. तिसऱ्या दिवशी त्याचं पोट फुगलं, नगाऱ्यासारखं ताणलं, वरच्या शिरा निळ्या दिसायला लागल्या. पाचव्या दिवशी ती पेटी पुसून दुसऱ्याला दिली. डब्यानंच झालं, असं कुणी म्हणालं नाही. पण ते पोट मी बघितलं होतं.

"सकाळपासून काय खाल्लंस?"

"चहा."

"अजून?"

"दोन बिस्किटं."

"अगं, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? खाली शिखांचं लंगर लागतं बाराला, फुकट, लिंबाखाली. अख्खा दवाखाना जेवतो तिथं. जा, पोटभर जेव. दोनच्या आत वर ये."

मी मान हलवली. हे त्या रोज सांगायच्या आणि मी रोज मान हलवायचे.

पोरीचा तो चौदावा दिवस होता. सातव्या महिन्यातच झाली ती. अकराशे ग्रॅमची, माझ्या तळहातावर मावली असती, पण तळहातावर कुणी दिलीच नाही. आठव्या दिवशी मला दवाखान्यातून सुट्टी झाली. सुट्टी म्हणजे काय, माझं नाव कटलं, खाट गेली आणि खाटेबरोबर दवाखान्याचं जेवणही गेलं. पोरगी पेटीतच. तेव्हापासून मी आणि सासूबाई वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात सतरंजीवर. नवरा हळदीच्या कामाला गेलेला. दुसऱ्याच्या शेतात हळद शिजवायचं काम, ते सोडून येता येत नव्हतं. चार दिवसांत भाकरी घेऊन येतो म्हणाला होता, त्याला आठ दिवस झाले. घरून आणलेल्या भाकरी कधीच संपल्या होत्या. विकत घेऊन खावं, तर कनवटीला फक्त चहाची सोय.

आणि खाली रोज बाराला डाळीचा वास यायचा.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. लंगरचं नाव काढलं की त्या पदर तोंडाला लावायच्या.

"देवाचं अन्न हाय ते बाई. गुरूच्या नावानं शिजतंय. सोयरात शिवायचं नसतं."

"आत्याबाई, बारा दिवस होऊन गेले."

"बारावं झालं का? पोर पाळण्यात पडली का? पाळणा झाल्याबिगर सोयर फिटत न्हाई."

"पोर पेटीत आहे. पाळणा कधी व्हायचा?"

"व्हईल तवा व्हईल. तवर कळ काढायची. आईच्या तोंडाची चूक लेकराच्या अंगावर निघती, दीपे. मला इचार."

पण विचारलं तर सांगायच्या नाहीत.

एक गोष्ट आधीच सांगायला पाहिजे, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं, सासू ती सासूच. मी उपाशी होते तशा त्याही उपाशी होत्या. सोयर घराला असतं. त्यांनीही लंगरच्या अन्नाला हात लावला नव्हता. मुठीत मावतील एवढे मुरमुरे घ्यायच्या, त्यातले निम्मे माझ्या हातावर ठेवायच्या, आणि उरलेले एकेक करून खायच्या. म्हणजे मला वाटावं, त्या बराच वेळ खातायत.

त्या दिवशी मी त्यांना म्हटलं, "जरा बाथरूमला जाऊन येते." चपला सतरंजीपाशीच ठेवल्या. चपला दिसल्या की लांब गेले नाही असं वाटेल. तीन मजले अनवाणी उतरले.

लिंब वाहनतळाच्या कडेला होता. त्याच्या सावलीत लांबलचक निळी पट्टी अंथरलेली, आणि तीस-चाळीस माणसं एका ओळीत मांडी घालून बसलेली. पायाला प्लास्टर घातलेला एक जण, हातात एक्स-रेचं पाकीट धरलेला एक म्हातारा, बुरख्यातल्या दोन बायका, एक पोलीस. पोळ्या रजियाआपा आपल्या अंगणात भाजायच्या. डाळ बीबीजी शिजवायच्या. पाणी वाढायला सोनकांबळे मामा, आयुष्यभर एसटी चालवलेले. त्यांचं पाणी वाढणंही तसंच होतं, एकदा निघाले की मधे थांबायचं नाही. ही नावं मला त्या दिवशी माहीत नव्हती, पुढच्या दिवसांत कळली.

मला एवढंच ठाऊक होतं की मला जेवायचंय, आणि त्या पट्टीला माझा स्पर्श होऊ द्यायचा नाही.

म्हणून मी पंगतीपासून आठ-दहा हातांवर, लिंबाच्या पलीकडं मातीतच बसले आणि पदर पसरला. आमच्या गावात भंडाऱ्याला ज्यांची काही अडचण असते त्या बाया अशाच लांब बसतात. वाढणारा वरून टाकतो, पुढं जातो. कुणाला काही लागत नाही.

वाढणाऱ्या बीबीजी होत्या. साठीच्या, उंच, डोक्यावर पांढरी ओढणी, मनगटात लोखंडी कडं. पोळ्यांची परडी घेऊन त्या ओळीच्या टोकापर्यंत आल्या, माझ्याकडं बघितलं आणि वळून परत गेल्या. मला वाटलं, दिसले नसेन. दुसऱ्या फेरीला त्या पुन्हा आल्या तेव्हा मी पदर जरा वर उचलला.

"तिथं मिळत नाही," त्या म्हणाल्या. मराठी स्वच्छ, नांदेडकडची. "इथं येऊन बसा."

"मला इथंच द्या."

"वेगळं बसून मिळत नाही. पंगत एकच असते. आणि पदर खाली घ्या, भीक नाही ही."

"बाई, वरून टाका फक्त. एक पोळी टाका."

"का? पंगतीत काय आहे?"

ओळीतल्या माणसांच्या माना माझ्याकडं वळल्या होत्या. एवढ्या परक्या पुरुषांपुढं मी काय सांगणार, की मी ओली बाळंतीण आहे?

बीबीजींचा आवाज चढला नाही, पण थंड झाला. "हे बघ पोरी. जिच्या शेजारी बसायला तुला नको वाटतंय ना, तिनंच सकाळपासून पोळ्या भाजल्यात. तिच्या हातची पोळी चालते आणि शेजार चालत नाही, असं इथं नाही. बसायचं तर ये. नाहीतर राहू दे."

त्या निघून गेल्या. मला कळलंच नाही त्या काय म्हणाल्या. एवढंच कळलं की नाही म्हणाल्या. दवाखान्याच्या घड्याळात बारा चाळीस झाले होते. मी उठायला गेले, तर डोळ्यांपुढं काळं आलं आणि लिंबाच्या बुंध्याला धरून तशीच खाली बसले.

कुणीतरी पाण्याचा पेला तोंडाला लावला. डोळे उघडले तर गोल तोंडाची, चाळिशीतली एक बाई. हाताला पिठाचे पांढरे पट्टे.

"हळू पी. सगळं एकदम नको." तिनं माझ्या डोक्याला बांधलेला रुमाल चाचपला, कानातला कापूस बघितला, पायांकडं बघितलं. मग मान वळवून हाक मारली, "बीबीजी, जरा इकडं या. या पोरीनं कान बांधलेत."

"मग?"

"मग काय मग. तुमच्या लक्षात नाही यायचं. बाळंतीण आहे ही." आणि मला, "कितवा दिवस गं बेटी?"

"चौदावा."

"बच्चा कुठाय?"

मी वर बोट केलं.

"मग इथं मातीत का बसलीस? पंगतीत का नाही आलीस?"

बाईला सांगायला काही वाटलं नाही. "सोयर आहे आपा. पाळणा झाला नाही. तुमचं अन्न बाटेल."

रजियाआपा बीबीजींकडं बघत राहिल्या. बीबीजींच्या हातातली परडी खाली आली.

"मला वाटलं," त्या म्हणाल्या, "हिला तुझ्या शेजारी बसायला नको म्हणून—"

"तुम्हाला दर महिन्याला एकदा तरी तसंच वाटतं." रजियाआपा माझ्याकडं वळल्या. "त्यांचं चुकलं नाही गं. गेल्या साली काही लोक आले, म्हणाले आमची पंगत जरा बाजूला लावा. बीबीजींनी भिडेखातर लावली. तिसऱ्या दिवशी चार पंगती झाल्या होत्या, आणि माझ्यासाठी कुठंच जागा नव्हती. तेव्हापासून हा नियम."

बीबीजी माझ्यासमोर उकिडव्या बसल्या. "आमच्यात सोयर नसतं. विटाळ नसतो. चल, बस पट्टीवर."

"तुमच्यात नसेल. माझ्यात आहे," मी म्हटलं. "तुम्हाला काही होणार नाही. मला पण नाही. पोरीला झालं तर मी काय करू?"

त्या पंगतीबाहेर वाढणार नव्हत्या, आणि मी पंगतीत जाणार नव्हते. वर चार मिलीची वाटी होती. मी रडले असते तर बरं झालं असतं, पण रडायलाही अंगात पाणी लागतं.

बीबीजी उठल्या. ओळीच्या टोकाला गेल्या आणि म्हणाल्या, "उठा सगळे."

एक्स-रेवाला म्हातारा घास हातात धरून थांबला. "जेवत्या माणसाला उठवत्यात व्हय? भरल्या पानावरून उठू नये बाई."

"पान सोडून उठा कोण म्हणालं? पान घेऊन उठा."

"मला उचलणार कोण?" प्लास्टरवाला म्हणाला.

"पोलीस कशाला जेवायला बसवलाय?" रजियाआपा म्हणाल्या. माणसं हसली आणि कुरकुरत, ताटं सांभाळत उठली. सोनकांबळे मामांनी पट्टीचं एक टोक धरलं, बीबीजींनी दुसरं, आणि ती लांब पट्टी लिंबाला वळसा घालून माझ्याजवळ आणली. माझ्या डाव्या मांडीखाली सारली, उजवीकडून पुढं नेली. माणसं परत बसली. डावीकडं म्हातारा, उजवीकडं रजियाआपा स्वतः, त्यांच्यापलीकडं बुरख्यातल्या दोघी, आणि पार तिकडं प्लास्टरवाला, पोलिसाच्या खांद्यावर हात टाकून.

मी अंग चोरून घेतलं. बीबीजी माझ्यावर वाकल्या आणि मला एकटीला ऐकू येईल असं बोलल्या.

"तू पंगतीत आली नाहीस. जिथं बसली होतीस तिथंच आहेस. पंगत मी आणली. पाप असलंच तर ते माझ्या डोक्यावर, तुझ्या पोरीवर नाही. तिला सांग, आईनं काही केलं नाही. कळलं? आता हात पुढं कर. दोन्ही."

मी ओंजळ केली. तिच्यात पोळी पडली. गरम होती.

मसुराची डाळ होती, दुधी भोपळ्याची भाजी होती. चव सांगता येणार नाही, कारण पहिल्या दोन पोळ्या कुठं गेल्या ते मला कळलं नाही. रजियाआपा म्हणत होत्या, डाळ पी, वाटीनं पी, पातळ पोटात जाऊ दे. म्हातारा स्वतःहून सांगत होता, त्याच्या बायकोला चार मुलं झाली तेव्हा तो तिला रोज बाजरीची खिचडी करून घालायचा. "मी स्वतः," तो म्हणाला. "आणि आता ती आत आहे, तर मला कुणी तिला बघू देत न्हाई."

चौथी पोळी हातात असताना मी मान वर केली.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर आत्याबाई उभ्या होत्या. त्यांच्या हातात माझ्या चपला होत्या. ओल्या अंगानं अनवाणी गेले, पायातून गारवा शिरेल, म्हणून त्या गुडघे धरत तीन मजले उतरून आल्या होत्या.

त्यांनी मला बघितलं. माझ्या दोन्ही अंगाला बसलेली माणसं बघितली. हातातली पोळी बघितली. मला वाटलं, आता ओरडतील. पण त्या पायरीवर खाली बसल्या. थोड्या वेळानं माझ्या चपला एकमेकींशेजारी नीट लावून ठेवल्या, कठड्याला धरून उठल्या आणि आत गेल्या.

"कोण होत्या?" बीबीजींनी विचारलं.

"सासूबाई."

"जेवल्यात?"

"भाकरी संपल्यापासून नाही."

"मग बोलव की."

"नाही येणार," मी म्हटलं.

वर आल्यावर त्या सतरंजीवर भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या. दोनला पाच मिली निघालं, चारला सात. एका जेवणानं दूध भरत नाही, हे सिस्टरनी नंतर सांगितलं. पण तेव्हा सात हा आकडा मला डोंगराएवढा वाटला. मी बाहेर येऊन म्हटलं, "आत्याबाई, सात." त्यांनी हूं केलं, पण वळल्या नाहीत.

साडेपाचला आत मशीन वाजायला लागलं.

मशीनं तिथं दिवसभर वाजायची, आपण कान देत नाही. पण हे थांबेना. दाराच्या काचेतून मला लोखंडे सिस्टर पळताना दिसल्या, आणि पळताना त्या ज्या पेटीकडं वळल्या ती तिसरी पेटी. आमची तिसरी होती. मग कुणीतरी आतून पडदा ओढला.

मी पडद्याकडं बघत उभी राहिले. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. चार पोळ्या. चार पोळ्या खाल्ल्या मी. पंगत कुणी आणली, पाप कुणाच्या डोक्यावर, ते सगळं वितळून गेलं. खाल्लं ते मी. माझ्या तोंडानं.

आत्याबाई माझ्या मागं येऊन उभ्या होत्या. मी वळले आणि त्यांच्या पायांवर पडले.

"मी खाल्लं, आत्याबाई. तुम्ही सांगितलं होतं. मी खाल्लं."

त्यांनी मला उठवलं नाही. ढकललंही नाही. "गप," एवढंच म्हणाल्या. "गप बस. गप बस." मला म्हणत होत्या की स्वतःला, ते कळत नव्हतं.

पडदा किती वेळ ओढलेला होता, मला सांगता येणार नाही. खाली चहावाल्याची शेगडी पेटल्याचा वास आला, तेवढा.

डॉक्टर बाहेर आले. पोरसवदा होते, डोळ्यांखाली काळं, पायात हिरव्या पिशव्या.

"आहे," ते म्हणाले. "श्वास थांबला होता. परत चालू झालाय. सध्या आहे."

"कशानं थांबला?" हे आत्याबाईंनी विचारलं. परक्या पुरुषाशी त्या स्वतःहून बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"लवकर जन्मलेली लेकरं अशीच असतात आजी. श्वास घ्यायचं विसरतात. मेंदूत ती जागा अजून कच्ची असते. आम्ही जरा पाठीला, पायाला चोळतो, आठवण करून देतो. मशीन असतं म्हणून कळतं."

"आईनं कायतरी खाल्लं म्हून हुतं का असं?"

"काय खाल्लं?"

"परसाद. सोयरात."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी जमिनीवरच होते. "नाही हो. तिनं जेवायलाच पाहिजे. उपाशी राहिली तर दूध कुठून येणार?" आणि ते आत जायला वळले.

आत्याबाईंनी त्यांची बाही धरली.

"एक इचारायचंय."

"बोला."

"सातव्या म्हैन्यातलं हुतं. पोरगा. घरीच झाला, सुईणीनं केला. नऊ दिवस ऱ्हायला. नवव्या दिशी सकाळी दूध प्याला, चांगला प्याला. ताप न्हाई, रडणं न्हाई. दुपारी बघितलं तर निळा पडल्याला." त्यांचा आवाज सरळ होता, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसा. "त्याला बी असंच झालं असंल का?"

"कधीची गोष्ट?"

"बत्तीस वर्सं झाली."

डॉक्टर जायचे थांबले. तोंडावरचा मास्क त्यांनी हनुवटीखाली ओढला. "सातव्या महिन्यातला. नऊ दिवसांचा. ताप नव्हता." त्यांनी मान हलवली. "असंच झालं असणार, आजी. श्वास घ्यायचा विसरला. आता आपल्याकडं मशीन वाजतं, म्हणून ही वाचली. तेव्हा कुणाला कळणार?"

"त्याच्या आईनं काय खाल्लं असलं तर?"

"त्याचा काही संबंध नाही."

"नक्की न्हाई?"

"नक्की नाही."

आत्याबाईंनी बाही सोडली, सोडून ती जागा हातानं सारखी केली. डॉक्टर आत गेले.

त्या माझ्याशेजारी, दाराला पाठ लावून खाली बसल्या. माझ्या नवऱ्याच्या आधी कुणी झालं होतं, हे त्या घरात मला कुणी सांगितलं नव्हतं. नंतर कळलं, माझ्या नवऱ्यालाही माहीत नव्हतं.

"मारुतीचा भंडारा हुता," त्या म्हणाल्या. "माझी सासू तापानं पडल्याली. दोन दिस घरात कुणी चूल पेटवली न्हाई. ओल्या अंगाला भूक कशी लागती, तुला सांगाया नको. देवळाच्या मागं बुंदी काढून ठेवली हुती. म्या दोन मुठी खाल्ली. कुणी बघितलं न्हाई." त्यांनी पदराचं टोक दातांत धरलं, सोडलं. "दुसऱ्या दिशी ते गेलं. तवापासनं म्या म्हणलं, म्याच खाल्लं त्याला. गोड तोंडात घालायला गेलं की तेच दिसायचं. गंगाधरच्या नि तुझ्या लग्नात बी म्या जिलबी मोडून बघितली न्हाई."

मी त्यांचा हात हातात घेतला. तोवर कधी घेतला नव्हता. तळवा लाकडासारखा होता.

"दीपे," त्या म्हणाल्या, "मला लई भूक लागलीया गं."

संध्याकाळचं लंगर सातला बसायचं. मला सोबत जाता येणार नव्हतं, आठचं दूध काढायचं होतं. त्या एकट्या निघाल्या. कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. जिन्याच्या वळणावर त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि दिसेनाशा झाल्या.

आठला अकरा मिली निघालं. लोखंडे सिस्टरनी सिरिंज उजेडाकडं धरली, टिचकी मारली. "डॉक्टर म्हणालेत, आज आहे त्यावर भागवू," त्या म्हणाल्या. "डब्याचं उद्या बघू." ते उद्या कधी आलं नाही. पोरगी आणखी सव्वीस दिवस पेटीत होती आणि त्यातला एकही दिवस सोपा गेला नाही, पण डबा फोडावा लागला नाही.

आत्याबाई वर आल्या तेव्हा साडेआठ होऊन गेले होते. सतरंजीवर बसून त्यांनी पायाचे तळवे चोळले. मी विचारलं नाही. विचारलं की त्या सांगायच्या नाहीत, हे मला ठाऊक होतं.

"रजिया चांगली बाई हाय," त्या म्हणाल्या. "माझ्याशेजारीच बसली हुती."

"हो का?"

"पोळ्या पातळ करती पण. पातळ पोळीनं पोट भरत न्हाई. म्या सांगितलं तिला." मग भिंतीकडं तोंड करून आडव्या झाल्या. मला वाटलं, झोपल्या.

"आज खीर हुती," भिंतीकडून आवाज आला. "दुसऱ्यांदा इचारलं त्यांनी. म्या नगं म्हणलं न्हाई."